पाकिटात नग किती? सरासरीने अंदाज बांधण्याची रीत

एका पाकिटात ५०० ग्रॅम बेदाणे आहेत. तुम्हाला १५० छोटे केक करायचे आहेत आणि प्रत्येकावर ६ बेदाणे लावायचे आहेत, म्हणजे ९०० लागणार. पाकीट पुरेल का? एकेक मोजत बसलात तर बराच वेळ जाईल आणि मध्येच कुणी हाक मारली की आकडा विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाकिटावर वजन छापलेलं असतं, नगांची संख्या नसते. वजनावरून संख्येपर्यंत जायला एकच आकडा लागतो: एका बेदाण्याचं सरासरी वजन.

ही युक्ती बहुतेकांना ठाऊक असते. थोडे नग तोला, सरासरी काढा, एकूण वजनाला तिने भागा. भागाकार सहसा कुणाचा चुकत नाही. चुकतं ते दुसरीकडे: नमुना कसा उचलला, आणि आलेलं उत्तर किती खात्रीने सांगितलं. म्हणून इथे भागाकाराला दोन ओळी दिल्या आहेत आणि बाकीची जागा या दोन गोष्टींना.

पहिली पायरी: एकेक नग तोलू नका

घरातला डिजिटल काटा बहुधा १ ग्रॅमपर्यंत दाखवतो. बेदाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. तो एकटा ठेवला तर काटा ० दाखवेल नाहीतर १, आणि दोन्ही चूक. २० बेदाणे एकदम ठेवले तर वजन १० ग्रॅमच्या आसपास येतं. काट्याची चूक अजूनही अर्ध्या ग्रॅमपर्यंत असू शकते, पण आता ती १० ग्रॅमवर आहे, म्हणजे ५ टक्के. १०० बेदाणे ठेवले तर तीच चूक ५० ग्रॅमवर पडते, म्हणजे १ टक्का. काटा तोच, त्याची चूक तेवढीच, फक्त ती आता जास्त नगांत वाटली जाते. शेतीशास्त्रात दाण्याचा टपोरेपणा सांगताना एका दाण्याचं नव्हे, हजार दाण्यांचं वजन देतात. त्याचं एक मोठं कारण हेच.

तुमचा काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर बेदाण्याएवढ्या वस्तूचे २०-२०चे गट पुरतात. १ ग्रॅमवाला असेल तर १००चे गट करा. बिस्किटासारखी ७-८ ग्रॅमची वस्तू असेल तर १०चा गट कोणत्याही काट्यावर चालतो.

एक खबरदारी घ्या, कारण तिच्यामुळे होणारी चूक लक्षातही येत नाही. काट्यावर वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला की बेदाणे एकेक करून हळूहळू टाकू नका. बरेच काटे अगदी बारीक बदल दिसला तर शून्य जरासं सरकलं असं समजतात आणि तो बदल पुसून टाकतात. पाच-सात बेदाणे टाकून झाले तरी आकडा शून्यच. म्हणून गट बाजूला मोजा आणि वाटीत एकदम ओता.

दुसरी पायरी: नमुना उचलणं

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. एक शीत बोटाने दाबलं की बाकीच्यांचं कळतं. पाकिटाचं तसं नाही. ते कारखान्यातून तुमच्या हातात येईपर्यंत असंख्य हादरे खातं, आणि प्रत्येक हादऱ्याला बारीक तुकडे मोठ्यांमधल्या फटींतून खाली घरंगळतात. मोठे नग हळूहळू वर येतात. मिश्र सुक्या मेव्याच्या डब्यात सगळ्यांत मोठे ब्राझील नट वर जमलेले दिसतात, म्हणून भौतिकशास्त्रात या प्रकाराला 'ब्राझील नट परिणाम' असंच नाव पडलं आहे.

आता पाकीट उघडून वरची मूठभर वस्तू तोलली तर काय होईल? मूठभरात मोठे नग जास्त, म्हणून सरासरी वजन खऱ्यापेक्षा जास्त येणार, आणि त्या मोठ्या आकड्याने भागल्यावर नगांची संख्या कमी निघणार. चूक दर वेळी एकाच दिशेला होते. मोजमापात मला सर्वांत जास्त धास्ती अशा चुकीची वाटते, कारण पुन्हा पुन्हा मोजून ती जात नाही. दहा वेळा वरचीच मूठ घेतली तर दहाही उत्तरं एकमेकांशी जुळतील आणि दहाही चुकीची असतील.

दुसरा पक्षपात आपल्या बोटांचा. निवडायला बसलं की हात आपोआप टपोऱ्या, अख्ख्या नगाकडे जातो.

दोन्हींवर एक जुना उपाय आहे, खनिजांचे आणि धान्याचे नमुने घेणारे तो वापरतात. सगळं पाकीट मोठ्या ताटात ओता आणि मधोमध ढीग करा. ढीग वरून दाबून चपटा करा आणि भाकरीचे चार चतकोर करावेत तसे चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन भाग बाजूला काढा. उरलेले दोन एकत्र करून पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं एकूण तीनदा केलं की ५०० ग्रॅममधून साठ-सत्तर ग्रॅमचा नमुना उरतो, आणि त्यात तळचं-वरचं, लहान-मोठं सगळं आपापल्या प्रमाणात आलेलं असतं. नमुन्यातून गट करताना निवड करू नका. एका कडेने सुरुवात करा आणि बोटाखाली येईल तो नग घ्या, मग तो सुरकुतलेला असो की टपोरा. तळाचा चुराही ढिगात जाऊ द्या, तोही त्या ५०० ग्रॅमचाच भाग आहे.

तिसरी पायरी: हिशोब

समजा २०-२० बेदाण्यांच्या पाच गटांची वजनं अशी आली: १०.४, ९.८, ११.०, १०.१ आणि १०.७ ग्रॅम. बेरीज ५२.० ग्रॅम, बेदाणे १००. म्हणजे एका बेदाण्याची सरासरी ०.५२ ग्रॅम. ५०० भागिले ०.५२ म्हणजे सुमारे ९६०.

भागाकार संपला. ९०० हवेत, ९६० आहेत, पुरतील असं वाटतं. बहुतेक जण इथेच थांबतात.

चौथी पायरी: उत्तराची रुंदी

पाच गट सारखे आलेले नाहीत. सर्वांत हलका ९.८ ग्रॅमचा, सर्वांत जड ११.० ग्रॅमचा. दुसरे पाच गट घेतले असते तर सरासरी थोडी इकडेतिकडे झाली असती. किती, याचा अंदाज याच पाच आकड्यांतून काढता येतो.

प्रत्येक गटाचा सरासरीपासूनचा फरक काढा: ०, −०.६, ०.६, −०.३, ०.३. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करा: ०.९०. गटांच्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे ४ने, भागा: ०.२२५. त्याचं वर्गमूळ ०.४७. हे झालं प्रमाण विचलन, म्हणजे एखादा गट सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचं माप. पण आपल्याला पाचही गटांच्या सरासरीची अनिश्चितता हवी आहे, आणि ती याहून कमी असते, कारण सरासरी घेताना जड-हलके एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणून ०.४७ला गटांच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे २.२४ने, भागा: ०.२१ ग्रॅम.

नमुना मोठा असेल तर या आकड्याची दुप्पट करून सरासरीच्या दोन्ही बाजूंना धरतात. नमुना लहान असेल तर दुप्पट पुरत नाही. हे शोधून काढलं डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी. त्यांना मोजक्या नमुन्यांवरून निर्णय घ्यावे लागत, आणि मोठ्या नमुन्यांसाठीचे नियम लहान नमुन्याला लावले की खोटी खात्री मिळते हे त्यांच्या ध्यानात आलं. १९०८ साली त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातून पुढे तयार झालेली कोष्टकं आजही वापरात आहेत. आपल्या कामापुरतं एवढं लक्षात ठेवा: ३ गट असतील तर २ऐवजी ४.३ने गुणा, ५ असतील तर २.८ने, १० असतील तर २.३ने. ३०च्या पुढे सरळ २ चालतो.

आपले गट ५. म्हणून ०.२१ गुणिले २.८, म्हणजे सुमारे ०.५९ ग्रॅम. १०.४ ग्रॅमवर हे साधारण ५.७ टक्के होतात. तेव्हा २० बेदाण्यांचं खरं सरासरी वजन ९.८ ते ११.० ग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी, आणि पाकिटातली संख्या ९१० ते १०२० यांच्या दरम्यान. या रीतीने शंभर वेगवेगळ्या पाकिटांचे अंदाज बांधले तर साधारण ९५ वेळा खरा आकडा सांगितलेल्या मर्यादेत सापडेल.

९१० हे ९००च्या वर आहे, पण जेमतेम. ही रुंदी निम्मी करायची तर गट दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात, कारण भागायचं असतं ते संख्येच्या वर्गमुळाने. गट ३ वरून ५ किंवा १० केले की मोठा फायदा होतो, कारण वर्गमुळाबरोबर तो ४.३चा गुणकही खाली येतो. मग मेहनत वाढत जाते आणि लाभ आटत जातो. घरगुती कामाला ५ ते १० गट मला पुरेसे वाटतात.

पाकिटावरचं वजनही सरासरीच

आतापर्यंत आपण ५०० हा आकडा डोळे झाकून खरा मानला. प्रत्यक्षात भरणीच्या यंत्रातून प्रत्येक पाकिटात बरोबर तेवढंच कधीच पडत नाही. कायद्यानेही हे मान्य केलं आहे. युरोपात १९७६च्या निर्देशात तीन अटी आहेत. भरलेल्या पाकिटांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी नसावी. छापील वजनानुसार ठरलेल्या सुटीपेक्षा जास्त कमी भरलेली पाकिटं शेकडा अडीचहून जास्त नसावीत. आणि त्या सुटीच्या दुपटीपेक्षाही जास्त कमी भरलेलं एकही पाकीट विकू नये. ५०० ग्रॅमच्या पाकिटाला ही सूट १५ ग्रॅम आहे. म्हणजे एखादं पाकीट ४८५ ग्रॅमचं निघालं तर तेही नियमात बसतं. तिथे वजनाशेजारी छापलेलं लहान 'ई' अक्षर म्हणजे हीच सरासरीची पद्धत पाळल्याची खूण.

आपल्या हातातलं पाकीट ४८५ ग्रॅमचं असेल आणि बेदाणे मर्यादेतल्या जड टोकाचे, म्हणजे सरासरी ०.५५ ग्रॅमचे असतील, तर संख्या ८८०च्या आसपास येते. शेवटच्या तीन केकांना बेदाणे उरणार नाहीत. म्हणून हजार पाकिटांच्या सरासरीवर विसंबू नका, आपलं पाकीट तोला. बंद पाकीट ५१२ ग्रॅम आणि रिकामं वेष्टन ६ ग्रॅम भरलं, तर आत ५०६ ग्रॅम आहेत. ५०६ला जड टोकाच्या वजनाने भागलं तरी ९२० येतात. आता निर्धास्तपणे कामाला लागा.

पाकात किंवा पाण्यात ठेवलेल्या डबाबंद पदार्थांच्या डब्यावर बहुधा दोन वजनं असतात, एकूण आणि निथळल्यानंतरचं. नगांचा हिशोब नेहमी दुसऱ्यावर करा.

मिश्रणाचं पाकीट

बदाम, काजू, बेदाणे एकत्र असलेल्या २०० ग्रॅमच्या पाकिटात बदाम किती? चतकोर पद्धतीने ५० ग्रॅमचा नमुना काढला आणि त्यात १४ बदाम, १२ काजू, ३० बेदाणे निघाले असं धरू. बदाम सरासरी १.२ ग्रॅमचा, काजू १.५ ग्रॅमचा, बेदाणा अर्ध्या ग्रॅमचा. नगांनी पाहिलं तर बदाम एक चतुर्थांश आहेत. वजनाने पाहिलं तर १६.८ ग्रॅम, म्हणजे एक तृतीयांश. बेदाणे नगांनी निम्म्याहून जास्त, वजनाने ३० टक्के. वेष्टनावर 'बदाम ३४ टक्के' छापलेलं असतं ते वजनाचं प्रमाण. ते नगांना लावून पाहिलं की उगाच फसवल्यासारखं वाटतं.

नमुन्याच्या चौपट म्हणजे ५६ बदाम, हा झाला अंदाज. पण मोजून मिळालेल्या छोट्या संख्येवर फार भार टाकू नका. ढोबळ नियम असा: मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि त्याच्या दुपटीएवढी चूक शक्य आहे असं धरा. १४चं वर्गमूळ पावणेचार, दुप्पट सुमारे ७. म्हणजे नमुन्यात ७ ते २१ काहीही निघू शकलं असतं, आणि अख्ख्या पाकिटात २८ ते ८४. निम्मं पाकीट मोजलं तर चित्र बरंच स्वच्छ होतं. २०० ग्रॅमचं पाकीट असेल तर मी सगळे बदाम वेचून मोजेन. सरासरीची गरज मोठ्या पोत्याला असते, मुठीत मावणाऱ्या पिशवीला नाही.

जिथे सरासरी दिशाभूल करते

वेफर्सच्या एका पाकिटात २ ग्रॅमचे ३० अख्खे वेफर आणि पाव ग्रॅमचे ६० तुकडे आहेत असं समजा. एकूण ७५ ग्रॅम, ९० तुकडे, सरासरी ०.८३ ग्रॅम. पण ०.८३ ग्रॅमचा तुकडा त्या पाकिटात एकही नाही. नग दोन जातींचे असतील तर आधी दोन ढीग करा आणि दोन सरासऱ्या काढा. फुटलेल्या बिस्किटांनाही हेच लागू.

दुसरा सापळा: वेगवेगळ्या आकाराच्या पाकिटांची सरळ सरासरी. १०० ग्रॅमच्या पाकिटात साखर २० टक्के आणि ४०० ग्रॅमच्या पाकिटात १० टक्के. दोन्ही मिसळली तर १५ टक्के? नाही. साखर २० अधिक ४०, म्हणजे ६० ग्रॅम. एकूण वजन ५०० ग्रॅम. प्रमाण १२ टक्के. टक्क्यांची सरासरी काढण्याऐवजी वरच्याची बेरीज भागिले खालच्याची बेरीज करा.

पोषणाच्या तक्त्यातले आकडे

१०० ग्रॅमच्या पुड्यात १२ बिस्किटं, म्हणजे एक ८.३ ग्रॅमचं. तक्त्यात साखर १०० ग्रॅमला २२ ग्रॅम. गुणाकार १.८३ ग्रॅम देतो, पण ते शेवटचे आकडे टिकणारे नाहीत. तक्त्यातला आकडा स्वतःच सरासरी असतो. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० ग्रॅममागे १० ते ४० ग्रॅम साखर असेल तर छापील आकड्यापासून २० टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे एका बिस्किटात साखर दीड ते २.२ ग्रॅम. 'सुमारे पावणेदोन-दोन ग्रॅम' हे जास्त प्रामाणिक उत्तर आहे.

कॅलरींचं तर मूळच सरासरीत आहे. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४, स्निग्ध पदार्थ ग्रॅमला ९ किलोकॅलरी, हे गुणक विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या प्रयोगांतून आले. सगळ्या आहाराला ते ठीक लागू पडतात, एकेका पदार्थाला नेहमीच नाही. २०१२ साली अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी माणसांना बदाम खायला देऊन मोजलं, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १२९ किलोकॅलरी मिळाल्या. गुणकांच्या हिशोबाने त्या १७०च्या आसपास असायला हव्या होत्या. बदामाच्या पेशींच्या भिंतीत अडकलेलं तेल बरंचसं न पचताच बाहेर पडतं.

तक्त्यातल्या शून्याकडेही नीट बघा. अमेरिकेत एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी स्निग्धांश असेल तर '० ग्रॅम' छापता येतं. अशा आठ वाढण्या खाल्ल्या तर तो शून्य जवळजवळ ४ ग्रॅमपर्यंत जाऊ शकतो.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. ॲलर्जी असेल तर यातलं काहीही वापरू नका. शेंगदाण्याचा अंश पाकिटात सरासरी नगण्य असला तरी तो एकाच घासात आला तर धोका त्या घासात आहे. तिथे वेष्टनावरची सूचना वाचायची, हिशोब करायचा नाही.

काटा नसेल तेव्हा

पारदर्शक बरणीतल्या गोल गोळ्या मोजायच्या आहेत. दहा गोळ्या ओळीत लावून पट्टीने मोजा. १५ सेंटीमीटर आल्या तर एकीचा व्यास दीड सेंटीमीटर आणि घनफळ सुमारे १.७७ मिलीलीटर. बरणी १ लीटरची. पण सगळी जागा गोळ्यांनी भरत नाही, मध्ये पोकळ्या राहतात. सारखे गोल कसेही ओतून, हलवून घट्ट बसवले तरी ते साधारण ६४ टक्केच जागा व्यापतात. नुसते ओतले तर ६० टक्के धरा. ६०० भागिले १.७७, म्हणजे सुमारे ३४०. चपट्या गोळ्या जास्त दाटीने बसतात, साधारण ६८ टक्के. २००४ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी हे दाखवलं. व्यास मोजताना मात्र जपा. व्यासात ५ टक्के चूक झाली की घनफळात ती १५ टक्के होते.

चारचौघं असतील तर आणखी एक वाट आहे. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जत्रेत बैलाच्या मांसाचं वजन ओळखण्याची स्पर्धा होती. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी तिथल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष छापला. चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज १,२०७ पौंड होता, खरं वजन १,१९८ पौंड. फरक एका टक्क्याहूनही कमी. घरी करताना प्रत्येकाने आपला आकडा बोलण्याआधी कागदावर लिहायचा, नाहीतर पहिला बोलतो त्याच्या मागे सगळे जातात. मग सरळ सरासरीऐवजी मधला आकडा घ्या. कुणी भलताच आकडा लिहिला तरी तो मधल्याला ओढून नेत नाही.

वहीत काय लिहून ठेवायचं

नेहमी लागणाऱ्या वस्तूंच्या सरासऱ्या एका पानावर लिहून ठेवल्या की पुढच्या वेळी तोलायचं निम्मं काम वाचतं. पण नुसतं 'बेदाणा ०.५२' लिहू नका. 'बेदाणे, २०चे ५ गट, १०.४ ग्रॅम, चूक ५.७ टक्के, पाकीट उघडलं त्याच दिवशी' एवढं लिहा. उघडल्याची नोंद महत्त्वाची आहे. बेदाणे उघडे राहिले की वाळतात, बिस्किटं आणि वेफर्स हवेतला ओलावा ओढतात. महिनाभराने ५०६ ग्रॅमचे ४९० झाले म्हणून कुणी बेदाणे खाल्ले असं होत नाही. संख्या तीच आहे, एकेक बेदाणा हलका झाला आहे. त्या दिवशीच्या वजनाला त्याच दिवशी तोललेल्या गटांच्या सरासरीने भागायचं.